व्यापारी जागेवरचे विद्युत कुंपण : पंचायतीने परवान्यात नेमके काय मागावे?

बार्देश_पंच

गोव्यातल्या आमच्या पंचायतीकडे महामार्गालगतच्या एका गोदामाचा अर्ज आला आहे. चिऱ्यांची भिंत आधीच उभी आहे, तिला परवाना आहे. आता भिंतीवर पाच तारांचे विद्युत कुंपण घालायचे आहे. अर्जात फक्त 'सुरक्षेसाठी करंटची तार' एवढेच लिहिले आहे. यंत्र कोणते, तार किती उंचीवर, वीज कुठून घेणार, काहीच नाही. पुढे सार्वजनिक रस्ता, मागे मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या) घरांकडे जाणारी पायवाट, आणि एका कोपऱ्यावरून वीज खात्याची एलटी, म्हणजे कमी दाबाची, लाइन जाते.

काही सदस्य म्हणतात सरळ नाकारा, काही म्हणतात त्याची जागा, त्याचे कुंपण. मला दोन्ही पटत नाही. नाकारले की लोक न विचारता तार सोडतात, आणि ती तार पुष्कळदा थेट मेन्सची, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याची, असते. जाणकारांनी सांगावे, परवान्यात कोणत्या अटी लिहाव्यात? मोघम नको, मोजता येईल असे हवे.

तारकाम

पहिली अट हीच लिहा: कुंपणाला २३० व्होल्टची वीज थेट जोडायची नाही, तारेत फक्त एनर्जायझरमधून येणारा झटका सोडायचा. बाकीचे सगळे यानंतर.

या दोन गोष्टींत काय फरक आहे ते सदस्यांना समजावून सांगा. एनर्जायझर, म्हणजे शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात तो, कपॅसिटर भरतो आणि एका क्षणात तारेत रिकामा करतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ असे सांगते की दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर हवे, झटका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नको, आणि ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ जुलांच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे हेच मानक भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३०२ मालिकेत भाग २, विभाग ७६ म्हणून आहे. झटका लागला की माणूस मागे फेकला जातो आणि पुढच्या झटक्याआधी हात सोडवायला त्याला वेळ मिळतो.

मेन्सच्या तारेत ही उसंत नसते. ५० हर्ट्झचा सलग प्रवाह स्नायू आवळून धरतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे पकड सुटत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टवर दोनशे मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जातो, आणि एवढा प्रवाह हृदयाची लय बिघडवून माणूस मारायला पुरेसा आहे.

म्हणून अर्जासोबत एनर्जायझरच्या नामपट्टीचा फोटो, मानकाचा क्रमांक आणि कमाल ऊर्जा जुलांमध्ये मागा. नामपट्टी नसलेले पत्र्याच्या डब्यातले यंत्र असेल तर अर्ज परत करा.

सासष्टी_इलेक्ट्रिक

'फेजला सिरीजमध्ये बल्ब लावला आहे, त्यामुळे माणूस मरत नाही' असे सांगणारे अर्जदार भेटतील. त्यांच्यासाठी हिशेब. १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो, पण थंड असताना तो साधारण ४० ओहमच भरतो. तारेला माणूस चिकटला की बल्ब आणि माणूस एका ओळीत येतात. माणसाचे हजार ओहम, बल्बचे चाळीस. बल्ब पुरता गरम होत नाही, आणि बहुतेक व्होल्टेज माणसावर पडते. बल्बने तार जमिनीला टेकल्यावर फ्यूज उडायचा वाचतो. माणूस वाचत नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लावून मेन्सची तार चालवू, हाही युक्तिवाद ऐकू येतो. पावसात ओली भिंत, शेवाळ आणि पानांमुळे एवढी गळती होतेच, आरसीसीबी दर रात्री ट्रिप होतो, मग कोणीतरी तो बायपास करतो. एनर्जायझरला जाणाऱ्या सॉकेटवर आरसीसीबी हवाच, पण तो यंत्राच्या अलीकडच्या वायरिंगसाठी. तारेवरच्या झटक्याशी त्याचा संबंध नाही.

कायदेकानू

'त्याची जागा, त्याचे कुंपण' म्हणणाऱ्या सदस्यांना चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३चा निकाल वाचून दाखवा. घरमालकाने आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली होती. कुठलीही सूचना नव्हती. परवानगीशिवाय आलेली शेजारची बाई मेली. ती आगंतुक होती, मला मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. घुसखोर असला तरी त्याला मारण्यासाठी सापळा लावता येत नाही. शिक्षा कायम राहिली.

तेव्हा कलम भादंवि ३०४-अ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तार मारेल हे माहीत असून सोडली असे दिसले तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. वीज चोरून घेतली असेल तर विद्युत कायदा २००३चे कलम १३५ वेगळे. अपघात झालाच तर कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते, मृत्यू असेल तर कळल्यापासून २४ तासांत.

पंचायतीची कक्षा कुठे संपते तेही बघा. भिंत, तिची उंची, तिच्यावर उभे राहणारे खांब, रस्त्याकडची दृश्यता, सार्वजनिक वाट: हे पंचायतीचे, पालिकेचे आणि नगरनियोजन खात्याचे. विजेची सुरक्षा म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे सुरक्षा विनियम, आणि ते तपासायचे काम विद्युत निरीक्षकाचे. पंचायतीने यंत्र स्वतः तपासायला जाऊ नये. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागून तो फायलीला लावावा. जागा औद्योगिक वसाहतीत असेल, म्हणजे वेर्णे, कुंडई, थिवी यांसारख्या ठिकाणी, तर बांधकामाचा अर्ज औद्योगिक विकास महामंडळाकडे जातो.

दर्याकाठ

उंची कुठून मोजायची ते परवान्यात शब्दांत लिहा, नाहीतर भांडण ठरलेले. लोक आतून मोजतात. मोजायची बाहेरून, जिथे माणूस उभा राहू शकतो तिथून. सुरक्षा कुंपणासाठी मानक असे म्हणते की लोकांचा वावर असलेली बाजू आणि झटक्याची तार यांच्यामध्ये किमान दीड मीटरचा भौतिक अडथळा हवा. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या प्लॉटला आतून दोन मीटर दिसणारी भिंत बाहेरच्या पायवाटेवरून कमरेएवढी असते. रस्त्याचे हॉटमिक्स थरावर थर चढत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची उंचीही आज खरी नसते. भिंतीच्या कडेला मातीचा ढीग, चिऱ्यांची रास, गटाराचे झाकण, बसायचा कट्टा असेल तर मोजमाप त्याच्या माथ्यावरून.

निरीक्षण_कक्ष

वरच्या प्रतिसादाला जोड देतो. गोव्यात रस्त्याकडची कुंपणभिंत खाली बंद आणि वर जाळीची, उघडी ठेवायची असते. चौकातल्या प्लॉटला कोपऱ्यापासून ९ मीटरपर्यंत भिंत रस्त्याच्या माथ्यापासून ९० सेंटिमीटरच्या वर नेता येत नाही, कारण वाहनचालकाला वळण दिसायला हवे. अशा कोपऱ्यावर दीड मीटरचा अडथळा होऊच शकत नाही, म्हणजे तिथे विद्युत तारही नको. तेवढा भाग सोडून कुंपण आत वळवावे लागते. अर्जदाराने कोपऱ्यावर सरळ तार ओढलेली दाखवली असेल तर नकाशा तिथेच दुरुस्त करून घ्या.

उघड्या जाळीचा दुसरा प्रश्न असा की मुलाचा हात जाळीतून आत जातो. म्हणून भिंत आणि तार यांच्यातले अंतरही ठरवून द्यावे लागते. भरीव भिंत असेल तर भिंत आणि कुंपण यांच्यात २०० मिलिमीटरपेक्षा कमी किंवा १ मीटरपेक्षा जास्त अंतर हवे. मधले अंतर वाईट, कारण त्या फटीत माणूस अडकतो आणि त्याला एकामागून एक झटके बसत राहतात. झटक्याचे कुंपण सुरक्षित ठरते ते माणूस त्यापासून दूर होऊ शकतो म्हणून. अडकला तर तो आधार गेला. याच कारणाने काटेरी किंवा ब्लेडच्या तारेत झटका सोडायला मनाई आहे. कपडे, कातडी अडकते. गोदामवाले 'आधीची काटेरी तार आहेच, तिलाच जोडू' म्हणतात. ते अजिबात मान्य करू नका.

बार्देश_पंच

हे फार उपयोगी पडेल. एलटी लाइनचे काय? आणि मागच्या पायवाटेचे?

तारकाम

एलटी लाइनपासून, म्हणजे १००० व्होल्टपर्यंतच्या तारांपासून, कुंपणाची कुठलीही तार किंवा खांब ३ मीटर लांब हवा. ११ आणि ३३ केव्ही लाइनला ४ मीटर. त्यावरच्या लाइनला ८ मीटर. पावसाळ्यात माडाचे चुडत, म्हणजे झावळी, एलटी लाइनवर पडते, कंडक्टर तुटतो आणि खाली लोंबतो. तो कुंपणावर पडला तर शंभर मीटर लांबीची पूर्ण तार मेन्सची होते, मग एनर्जायझर कितीही चांगला असो. तुमच्या कोपऱ्यावर ३ मीटर सुटत नसतील तर तो पट्टा विजेशिवाय ठेवा, किंवा वीज खात्याकडून तिथल्या उघड्या तारा काढून एबी केबल (इन्सुलेशन असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) घालून घ्या. खर्च अर्जदाराचा.

आता अर्थिंग. इथे काम सगळ्यात जास्त बिघडते. एनर्जायझरचा अर्थ रॉड इमारतीच्या मेन्स अर्थिंगपासून आणि टेलिफोनच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब हवा. कंत्राटदार पैसे वाचवायला मीटरजवळच्याच अर्थ पिटला जोडतो. मग झटक्याचा काही भाग इमारतीच्या अर्थमध्ये शिरतो: नळाला झिणझिण्या, संगणक आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआर जळणे, फोनवर सेकंदासेकंदाला टिकटिक. उलट, इमारतीत अर्थ फॉल्ट झाला तर तेच व्होल्टेज कुंपणाच्या अर्थवायरवर येते. परवान्यात 'स्वतंत्र अर्थिंग, १० मीटर अंतर, नकाशावर दाखवलेले' असे लिहा.

आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थचा रोध खूप चढतो. एक रॉड ठोकून भागत नाही. तीन रॉड, एकमेकांपासून तीनेक मीटरवर, जाड जीआय वायरने जोडलेले, आणि जमेल तर जिथे ओल टिकते त्या सखल बाजूला. शिवाय सगळ्या तारा जिवंत ठेवण्याऐवजी एक जिवंत, एक अर्थ अशी आळीपाळीने घाला. मग चढणाऱ्याचा हात दोन तारांना एकदम लागतो आणि परतीचा रस्ता जमिनीतून जात नाही. कोरड्या जांभ्यावर हीच रचना काम देते.

कुळागर

पायवाटेचा मुद्दा विजेपेक्षा मोठा आहे. व्यापारी प्लॉट म्हणून विकलेल्या कित्येक भाटांत (माडांच्या बागायतीत) मुंडकारांची घरे आतच असतात. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालयात दाद मागता येते. अर्जासोबत नमुना एक व चौदा (जमिनीचा उतारा), सर्वेक्षण आराखडा आणि वाट दाखवणारा स्थळदर्शक नकाशा घ्या. वाटेच्या बाजूला कुंपण आत झुकलेले हवे, बाहेर नाही. बाहेर झुकलेला खांब म्हणजे वाटेवरच्या हवेत तार. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा लांब बांबू घेऊन जाणाऱ्याला ती लागते.

रानाला लागून असलेल्या तालुक्यांत, सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा, गव्यांचा आणि बिबट्यांचा वावर आहे. तिथे मेन्सच्या तारेने जनावर मेले तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. शेतीचे सौर कुंपण आणि व्यापारी भिंतीवरचे कुंपण यांचे नियम एकाच कागदावर आणू नका. शेतातली तार जनावरासाठी जमिनीलगत असते. गोदामाच्या अटी तिला लावल्या तर शेतकरी विनाकारण भरडला जाईल.

मडगाव_बाजारकर

झटक्याच्या तारेत १० हजार व्होल्ट म्हटल्यावर लोक घाबरतात. परवान्यात व्होल्टेजवर मर्यादा घालून ५ हजारच ठेवायला सांगितले तर?

तारकाम

व्होल्टेजवर मर्यादा घालून सुरक्षा वाढत नाही. इजा ठरते ऊर्जेवर, झटक्याच्या लांबीवर आणि दोन झटक्यांतल्या अंतरावर. व्होल्टेज लागते ते कोरडी त्वचा, कपडे आणि चपलेचा तळ भेदायला. ५ हजारांनी सुरुवात केली तर पावसात गळती होऊन शेवटच्या खांबावर हजार-दीड हजार उरतात आणि अलार्म सतत वाजतो. मग सुरक्षारक्षक अलार्म बंद करतो. जुलांवर बोट ठेवा.

दोन झटक्यांतल्या अंतरावरून आणखी एक अट निघते. लांब भिंतीला दोन वेगळे एनर्जायझर लावले आणि त्यांच्या तारा जवळ आल्या, तर दोन्हींना एकदम हात लागलेल्या माणसाला सेकंदात दोन झटके बसतात. म्हणून वेगळ्या यंत्रांच्या तारांत २.५ मीटर अंतर हवे. शेजारच्या प्लॉटवाल्याचे कुंपण सामाईक भिंतीला टेकत असेल तेव्हा हे हमखास राहून जाते, कारण दोन अर्ज वेगवेगळ्या फायलीत असतात. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याची लेखी संमतीही घ्या.

कायदेकानू

बाहेर या गोष्टीला कसे बांधले आहे ते पाहिले तर मसुदा सोपा होतो. दक्षिण आफ्रिकेत २०११च्या विनियमांपासून नोंदणीकृत बसवणाऱ्याने कुंपणाचे वेगळे अनुपालन प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि जागा विकताना तो कागद लागतो. कॅलिफोर्नियात दिवाणी संहितेच्या कलम ८३५ ने व्यापारी आणि औद्योगिक जागांना परवानगी दिली: सेकंदाला एकच झटका, १० मिलिसेकंद, उंचीची कमाल मर्यादा १० फूट, इशाऱ्याचे फलक ३० फुटांच्या आत. आपल्याला यातून घ्यायची ती प्रमाणपत्राची कल्पना. भाडेकरू किंवा मालक बदलला की नवे प्रमाणपत्र, अशी अट व्यापार परवान्याच्या नूतनीकरणाला जोडता येईल.

निरीक्षण_कक्ष

फलकाचे मोजमापही परवान्यातच लिहा, नाहीतर ए-फोर कागद लॅमिनेट करून चिकटवतात आणि जूनमध्ये तो गळून पडतो. किमान २०० बाय १०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना पिवळी पार्श्वभूमी, काळी न पुसणारी अक्षरे, अक्षरांची उंची किमान २५ मिलिमीटर. दर १० मीटरला एक, प्रत्येक फाटकावर, प्रत्येक प्रवेशावर. भाषा मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी, आणि झटक्याचे चिन्ह सक्तीचे, कारण ट्रकचालक आणि पर्यटक कुठल्याही राज्यातले, देशातले असतात. रसायनांचा साठा असेल तिथे त्या धोक्याच्या फलकाशेजारीच कुंपणाचा फलक हवा. आग लागल्यावर अग्निशमन दलाचे लोक भिंतीवर शिडी लावतात. त्यांच्यासाठी मुख्य फाटकाजवळ बाहेरून दिसणारा बंद करायचा स्विच ठेवायला सांगा.

पेट्रोल पंप आणि गॅस सिलिंडरच्या गोदामाला हे कुंपण नकोच. तडकलेल्या इन्सुलेटरवर ठिणगी पडते. तिथला नकाशा पेसोचा, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचा, असतो, पंचायतीने तो बदलायला लावू नये.

दर्याकाठ

देखभालीवर थोडे, कारण परवाना देऊन दोन पावसाळे गेले की खरी परीक्षा सुरू होते.

किनाऱ्याजवळ खारट हवेने साधी जीआय तार लवकर गंजते. जाड जस्तलेपाची किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार घ्यावी, आणि जोड त्याच धातूच्या क्लॅम्पने. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली की त्या जागी खारे पाणी बसते, जोड पांढरा पडतो आणि तुटतो. यंत्रापासून भिंतीपर्यंत आणि फाटकाखालून जाणारी केबल झटक्यासाठीची दुहेरी इन्सुलेशनची एचटी केबल हवी. घरगुती वायर ११०० व्होल्ट ग्रेडची असते, आठ हजारांचा झटका तिला काही महिन्यांत फोडतो आणि मग पाइपातच झटका मरतो. तो पाइप स्वतंत्र हवा, सीसीटीव्हीच्या किंवा लाइटच्या वायरसोबत नको. दोन्ही टोके खाली वळवून बंद करा, नाहीतर पावसाचे पाणी आत साचते.

गळतीची कारणे ठरलेली आहेत: वेली, शेवाळलेले इन्सुलेटर, चुडते, ढिली तार. रात्री दिवे बंद करून भिंतीच्या कडेने चालले की टकटक आवाज आणि निळी ठिणगी कुठे आहे ते कळते. मान्सून परतताना आणि मे महिन्यात विजा जास्त, म्हणून कुंपणाच्या फीडवर लाइटनिंग डायव्हर्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) आणि त्याला वेगळा रॉड. यंत्राची बॅकअप बॅटरी वीज गेल्यावर अलार्म चालू ठेवते. तिची तपासणी दरवर्षी, जूनआधी.

जागा भरतीरेषेच्या जवळ असेल तर किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आधी, आणि समुद्राकडे जाणारी पारंपरिक वाट मोकळी.

बार्देश_पंच

सचिवांसाठी कागदांची यादी अशी काढली आहे: भिंतीचा मूळ परवाना, नमुना एक व चौदा, कुंपणाचा छेदनकाशा, बाहेरच्या जमिनीपासून उंचीसह, लाइन, अर्थ रॉड आणि फाटके दाखवणारा आराखडा, नामपट्टीचा फोटो, कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत, फलकाचा नमुना, शेजाऱ्याची संमती. काम झाल्यावर चाचणी अहवाल, तो येईपर्यंत वीज सोडायची नाही. अहवालात काय असावे?

तारकाम

प्रत्येक बाजूच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज, कुंपणाच्या डिजिटल टेस्टरने घेतलेले. साध्या मल्टिमीटरने नाही. तो अशा छोट्या झटक्याला चुकीचा आकडा दाखवतो, आणि जळूही शकतो. मग अर्थची परीक्षा: यंत्रापासून लांबच्या टोकाला तारेला लोखंडी सळ्या टेकवून व्होल्टेज २ हजारांच्या खाली आणायचे, आणि यंत्राच्या अर्थ रॉडपासून मीटरभर लांब जमिनीत खुपसलेली सुई आणि रॉड यांच्यातले व्होल्टेज बघायचे. ते दोन-तीनशेच्या वर गेले तर रॉड वाढवा. ही परीक्षा मे महिन्यात घ्यायला लावा. जुलैच्या ओल्या जमिनीत प्रत्येक अर्थिंग पास होते.

अलार्म कोणत्या व्होल्टेजला वाजतो तो आकडा, दोन झटक्यांतले मोजलेले अंतर, मेन्स अर्थपासूनचे अंतर टेपने मोजून, एलटी लाइनपासूनचे अंतर, फलकांची संख्या. खाली कंत्राटदाराची सही आणि परवाना क्रमांक.

तुमच्या यादीत एक भर. पायवाटेच्या बाजूचा फोटो बाहेरून, भिंतीला उंचीची पट्टी टेकवून काढलेला मागा. पुढे कोणी कडेला भराव टाकला तर तोच फोटो पुराव्याला लागतो.